पाव फेरा मागे

हवल्ली, कुवेत
१२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय नूरुद्दीनचाचा,

सलाम. तुम्ही कायमचे गावी जाऊन दोन महिने झाले, पण नेमबाजी क्लबाच्या वर्कशॉपमधलं तुमचं स्टूल अजून जागेवर आहे. मी त्यावर बसत नाही, उभ्यानेच काम करतो. मुदीर मॅनेजरकीच्या तोऱ्यात म्हणाला, मोडकं आहे, फेकून दे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि बंदुकीचं काही मोबाइलवर लिहायची मला भीती वाटते. परका देश आहे, कोण कशाचा काय अर्थ काढेल सांगता येत नाही. कार्गोवाले मुझफ्फरभाई म्हणाले, दाभोळकडे दर महिन्याला माझी खोकी जातात, त्यात कागद टाकतो, उत्तर कुणा येणाऱ्याच्या हाती मागव. म्हणून हा उद्योग.

विषय अबू फहद यांच्या रायफलचा. तुम्ही मला काम शिकवत होतात तेव्हा ते आजारपणामुळे लंडनला होते, त्यामुळे त्यांची रायफल क्लबातल्या कपाटाबाहेर आलीच नाही. आता दर शनिवारी सकाळी येतात. तुम्हाला ठाऊकच आहे, दस्ता एक आणि नळ्या दोन. आधी बारीक नळी लावून पन्नास मीटरवर वीस गोळ्या, मग कडू कॉफीचा गाहवा, मग ती काढून जाड नळी आणि शंभर मीटर. प्रत्येक नळीवर तिची स्वतःची दुर्बीण बसवलेली, म्हणजे नळी कितीदा बदलली तरी निशाणा जागच्या जागी राहायला हवा. क्लबातल्या अशा बाकीच्या आठ रायफलींचा राहतो. यांच्याच रायफलचा राहत नाही.

मी काय करतो ते सांगतो, चुकत असेल तर कान पकडा. नळीचं बूड पुसतो, खाचेत टेकेपर्यंत सरकवतो. खालचे तीन स्क्रू आधी हाताने, मग टॉर्कच्या पान्याने आवळतो. मधला, पुढचा, मागचा, या क्रमाने. ठरलेला जोर झाला की पाना टक् करतो, तिथे थांबतो. तरी गोळी चार बोटं खाली डावीकडे. पुढच्या शनिवारी अगदी तसंच केलं, तर उजवीकडे. अबू फहद रागावत नाहीत. माझ्या हातांकडे बघतात आणि त्यांच्या हिंदीत म्हणतात, "नूर करता था, सीधा जाता था."

देवयानी सलाम सांगते. काल तिने थालीपीठ लावलं, तेव्हा तुमची आठवण निघाली. अक्षरा आता माझ्या खांद्याला लागते.

आपला,
देवेंद्र

दाभोळ, ता. दापोली
९ नोव्हेंबर २०२४

देवेंद्र बेटा,

तुझं पत्र गुरुवारी हातात पडलं. खोक्यात कुणाच्या तरी साबणाच्या वड्यांखाली होतं, त्यामुळे कागदाला अजून वास आहे. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचत होतो तर तुझ्या चाचीने, नूरजहाँने, हाताने विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी म्हटलं, कामाचं आहे. घरात बऱ्याच दिवसांनी कामाचं काही आलं होतं.

तुला सांगतो, एकतीस वर्षं सुट्टीवर यायचो तेव्हा सगळा मोहल्ला दारात. कुणाला अत्तर, कुणाला बॅटरी, आणि गप्पा तर संपायच्याच नाहीत. आता कायमचा आलो, तर कोणी फिरकत नाही. पाहुणा होतो तेच बरं होतं. त्यात हे कान. नूरजहाँ सुरुवातीला ओरडून बोलायची, आता म्हणते घसा बसतो. चहा ठेवते आणि बोटाने दाखवते. नात आफिया पाटीवर लिहून दाखवायची, ती शिकायला पनवेलला गेली. पाटी भिंतीला टेकवलेली आहे, कोरी.

आता तुझं काम. अबू फहद आले की रायफल बाहेर मागवून उन्हात गप्पा मारतात, रायफल तेवढा वेळ तापते, आणि तू ती एसीमध्ये आणून लगेच नळी बदलतोस. असं करू नको. अर्धा तास बाकावर ठेव. बुडाला ग्रीस अगदी कमी, बोटावर दिसेल न दिसेल इतकं. करून बघ आणि काय झालं ते सविस्तर लिही. घाईघाईत दोन ओळी खरडू नको.

तुझ्या घरी बोलायला माणसं आहेत, हे वाचून बरं वाटलं. विमानतळावर तुला काय म्हणालो होतो ते विसरू नको. घरचं माणूस जवळ ठेव, माझ्यासारखं करू नको. देवयानीला आशीर्वाद.

तुझा,
नूरुद्दीनचाचा

हवल्ली
७ डिसेंबर २०२४

आदरणीय चाचा,

दाभोळ-कुवेत ये-जा करणारा सर्फराज काल तुमचं पत्र घेऊन आला. दारातच फोडलं आणि तिथेच उभा राहून वाचलं.

तुम्ही सांगितलंत तसं आज केलं. रायफल अर्धा तास बाकावर ठेवली, अबू फहद यांना तेवढा वेळ दुसरा गाहवा पाजला. ग्रीस नावाला लावलं. बारीक नळी नीट गेली, म्हणून मनात म्हटलं, झालं काम. जाड नळी लावली आणि पहिलीच गोळी चार बोटं खाली. सहा गोळ्यांत सहा दिशा. त्यांनी रायफल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि घरी गेले. चाचा, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी ती दुसऱ्या बाकावर घेऊन पुन्हा खोलली. तिन्ही स्क्रूंवर पाना बरोबर टक् करतो. वाळूजच्या कंपनीत नऊ वर्षं मी याच पान्याच्या भरवशावर जोडण्या केल्या, एकही परत आली नाही. पाना खोटं बोलत नाही, म्हणजे माझा हात खोटा. बाकीची मंडळी गमतीने म्हणतात, नूरने जाताना हात पेटीत भरून नेला. मीही हसतो.

मुदीरने आज प्रथमच विषय काढला. कंत्राट फेब्रुवारीअखेर संपतंय, बघू म्हणाला. इथे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

घरी सगळं ठीक. आल्यावर खालच्या बकाल्याच्या दुकानातून खुबूसच्या रोट्या आणि दही आणलं, जेवण झालं. अक्षराला काही विचारलं की "फाइन, बाबा" एवढंच म्हणते. मोठी झाली.

आणखी काही सुचत असेल तर कळवा.

आपला,
देवेंद्र

दाभोळ
३ जानेवारी २०२५

देवेंद्र बेटा,

तुझं पत्र आल्यापासून रोज जेटीवर घेऊन जातो. फेरी लागते, गाड्या चढतात, फेरीवाला माणूस हाताने खुणा करतो: पुढे ये, थांब, डावीकडे घे. अख्ख्या गावात तो एकच माणूस माझ्या भाषेत बोलतो. पण तो गाड्यांशी बोलतो, माझ्याशी नाही.

तू पान्यावर फार विसंबतोस. पाना आवळण्याचा जोर सांगतो, आत काय धरलं गेलं ते सांगत नाही. स्क्रू फिरताना बोटांना काय लागतं तिकडे लक्ष दे. क्रमही बदलून बघ. कोणता आधी, कोणता नंतर, याने फरक पडतो. प्रत्येक वेळचं एका कागदावर लिही आणि तो कागद मला पाठव. मी बघून सांगतो.

लोक माझ्या हाताबद्दल बोलतात ते वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही. इथे तो हात नारळ सोलतो. कुणाला माहीत नाही की तो हात काय करायचा.

देवयानीला म्हणावं, नवऱ्याला खुबूस-दह्यावर ठेवू नको, भाकरी कर. लिहीत राहा.

नूरुद्दीनचाचा

हवल्ली
२५ जानेवारी २०२५

आदरणीय चाचा,

सहाही क्रम करून बघितले. कागद सोबत आहे. त्यातला एकही दोनदा सारखा येत नाही. क्लबातल्या एका मेंबरने मारून दिलेलं आजचं टार्गेटसुद्धा घडी करून पाठवतोय. सहा भोकं आहेत. तुम्हाला काही दिसत असेल तर बघा, मला आता फक्त भोकं दिसतात.

मुदीरने आज स्पष्ट सांगितलं. अबू फहद यांनी तक्रार केलेली नाही, पण ते दोन शनिवार आलेच नाहीत, आणि त्यांच्यामुळे येणारे त्यांचे चार मित्रही आले नाहीत. फेब्रुवारी संपेपर्यंत ती रायफल सरळ मारायला लागली नाही, तर एक मार्चपासून वर्कशॉपला दुसरा माणूस. मला मालकाच्या सुलैबियाच्या टायर गोदामात पाठवणार. इकाम्यावर देशात राहता येईल, काम जाईल. चाचा, मी फिटर आहे. या बाकाखेरीज माझ्याकडे इथे दुसरं काही नाही.

तुमचा राग येईल, पण विचारतो. तुमच्या पत्रात नेहमी असं वाटतं की पुढचं वाक्य येणार आणि ते येत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर मागे ठेवू नका. सरळ लिहा.

देवेंद्र

दाभोळ
२२ फेब्रुवारी २०२५

देवेंद्र,

टार्गेट जमिनीवर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. नूरजहाँ बघत राहिली. मला ती सहा भोकं वाचायला एक मिनिटही लागलं नाही. खरं तर तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं.

मधल्या स्क्रूचे आटे गेलेले आहेत. मी घालवले. २०१४ साली रमझान जुलैत आला होता. अबू फहद म्हणाले, इफ्तारनंतर जाड नळीने मारायचंय, तयार ठेव. मगरिबला रोजा सुटायचा, त्याला वीस मिनिटं होती, दिवसभर पाणी नव्हतं. रोज करतो म्हणून न बघता स्क्रू घातला आणि तो तिरका गेला. करकर बोटांना लागली तरी मी फिरवत राहिलो. थांबलो असतो तर वाचला असता. सांगितलं असतं तर रायफलचं धड जर्मनीच्या कारखान्यात गेलं असतं, आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी मला काय म्हटलं असतं, याचा विचार करूनच मी गप्प बसलो. मग दहा वर्षं गप्पच राहिलो.

आता तो स्क्रू आतल्या आत अडकतो. पान्याला वाटतं घट्ट झाला, म्हणून टक् करतो, आणि नळी तिरकी ओढली जाते, जाड नळीचा धक्का बसला की दर गोळीला हलते. तुझा पाना खोटं बोलत नव्हता, तुझा हातही नाही. असं कर. आधी पुढचा, मग मागचा, दोन्ही पान्याने. मधला सगळ्यात शेवटी, नुसत्या बोटांनी. टेकला की पाव फेरा मागे. नळी ते दोन स्क्रू पक्की धरतात, धोका नाही. मी दर वेळी ओढून बघायचो, तूही बघ. "नूरचा हात" म्हणतात तो एवढाच आहे. माझं सगळं नाव त्या गेलेल्या आट्यांवर उभं आहे.

तू विचारशील, मग पहिल्यांदाच का नाही सांगितलं. नावाची लाज होतीच. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते जास्त वाईट आहे. तुला उत्तर मिळालं असतं तर तू आभाराचं एक पत्र लिहिलं असतंस आणि विषय संपला असता. तुझं घर भरलेलं आहे, बायको आहे, मुलगी आहे. तुला माझी गरज या स्क्रूपुरती. आणि मला तुझ्या पत्राखेरीज महिनाभर कुणी काही विचारत नाही. म्हणून मी तुला ऊन सांगितलं, ग्रीस सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं, पण उत्तर बाजूला ठेवलं होतं. तुझी जागा जाईल इथवर गोष्ट येईल, असं मनात आलं नाही. आलं नाही असं तरी कसं म्हणू, डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस.

सर्फराज आज-उद्या निघेल म्हणून लिहायला बसलो, आता कळतं की तो दोन मार्चला निघणार. दोन दिवस घरी आलेल्या आफियाकडून मोबाइलवर लिहून घ्यावं म्हटलं, पण नातीच्या हातून हे लिहवून घ्यायची हिंमत झाली नाही. हे पत्र मुदीरला दाखव. अबू फहदना दाखव. मी नाही म्हणणार नाही.

नूरुद्दीन

दाभोळ
१४ एप्रिल २०२५

देवेंद्र,

ईद होऊन दोन आठवडे झाले. मुझफ्फरची खोकी आली, त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. मी वरून खालपर्यंत बघितली, लोकांचं सामान पुन्हा नीट लावून दिलं.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नको. पत्र मिळालं का, एवढंच कुणाकडे तरी सांग.

नूरुद्दीन

सुलैबिया
१७ मे २०२५

आदरणीय चाचा,

पत्र सहा मार्चला मिळालं. बाक एक मार्चला गेला होता.

मी दोन महिने तुमच्यावर रागावलो होतो. खरंच रागावलो होतो. ते पत्र फाडायला घेतलं आणि ठेवून दिलं, असं दोनदा झालं. इथे टायर उतरवतो, टायर लावतो, माप लिहितो. शेजारी दिवसभर ट्रकांचा आवाज असतो आणि कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. एप्रिलमध्ये तुमचं दुसरं पत्र आलं. लोकांचं सामान तुम्ही पुन्हा नीट लावून दिलंत, ते वाचल्यावर रागाचा जोर गेला.

माझी कामाची हत्यारं वर्कशॉपमध्ये राहिली होती, ती आणायला मागच्या शनिवारी क्लबात गेलो. अबू फहद आलेले होते. नवा माणूस पान्याने मधला स्क्रू आवळत होता आणि त्याच्या कपाळावर तोच घाम होता. मी म्हटलं, एकदा मला करू द्या. आधी पुढचा, मग मागचा. मधला बोटांनी, टेकला, पाव फेरा मागे. ओढून बघितलं. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा. म्हाताऱ्याने दुर्बिणीतून डोळा काढला नाही बराच वेळ. मग विचारलं, "क्या था?"

तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. दाखवलं असतं तर मुदीरने बाक परत दिला असता की नाही, माहीत नाही. दिलाही असता. मी म्हटलं, "मेरा हाथ गलत था, बाबा. नूर ने खत में सिखाया." ते म्हणाले, "नूर अच्छा आदमी." नव्या माणसाला तो पाव फेरा शिकवला आणि निघालो. चाचा, त्या जागी तुमची आठवण काढणारा तो एकच माणूस उरलाय. तेवढंही मी काढून घ्यावं, असं मला वाटलं नाही.

आता माझं ऐका. देवयानी आणि अक्षरा इथे नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच महिन्यात त्या संभाजीनगरला गेल्या, अक्षराच्या शाळेसाठी. मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. थालीपीठ लावलंच नव्हतं. तुम्ही विमानतळावर सांगितलं होतंत की घरचं माणूस जवळ ठेव, आणि मी महिन्याभरात उलटंच केलं. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार? "फाइन, बाबा" अक्षरा फोनवर म्हणते.

मी पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं, तर तुम्ही पहिल्याच पत्रात उत्तर दिलं असतंत. तुम्हाला वाटलं माझं घर भरलेलं आहे. हे मला इतके दिवस रागावून झाल्यावर कळलं. म्हणजे तो बाक आपण दोघांनी मिळून घालवला.

हत्यारांबरोबर तुमचं स्टूलही आणलंय. पाय मोडका होता, तो बसवला. आता त्यावरच बसून लिहितोय. माझ्याकडे आता रायफल नाही, स्क्रू नाही, तुम्हाला विचारायला काही नाही. तरी पत्र एवढं लांबलं.

आपला,
देवेंद्र

दाभोळ
१२ जून २०२५

देवेंद्र बेटा,

तुझं पत्र आलं. त्यात प्रश्न कुठे आहे ते दोनदा शोधलं. नाही म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश.

अबू फहद यांना मी स्वतः लिहिलंय, मला येतं तेवढ्या अरबीत. आटे कोणी घालवले, कधी, आणि दहा वर्षं तो कोणता हात होता, सगळं. तुझ्या हाताबद्दल तू जे खोटं बोललास ते मी तसंच राहू देणार नाही. मुझफ्फर पोचवेल. बाक परत मिळेल असं नाही, नवा माणूस बसलाय. पण ते मला चांगला म्हणतील तर खरं कळल्यावर माझ्याबद्दल म्हणू देत. आणि नाही म्हटलं तरी चालेल.

इथलं सांगतो. काल नूरजहाँने पाटी भिंतीवरून काढली, पुसली आणि लिहिलं, "कोणाचं पत्र? रडतोस का?" तिचं अक्षर मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. बरं आहे. मी तिला सगळं सांगितलं. तिने खाली लिहिलं, त्या मुलाला भाकरी कोण करून देतं? तर आता तिला उत्तर हवंय, ते कळव. जेटीवर गेलो होतो. फेरीवाल्याने आज मला हात केला.

स्टुलाचा दुसरा पायही सैल आहे, जपून बस. आणि हे बघ, यापुढे काही विचारायचं असेल तर मोबाइलवर विचार, आफिया घरी येते तेव्हा तिच्याकडून मी उत्तर देईन. विचारायचं काही नसेल तेव्हा पत्र लिही.

तुझा,
नूरुद्दीनचाचा